हात किती लावायचा? घरातल्या वृद्धांच्या देखभालीची सुरुवात करताना

घरातल्या वयस्कर माणसाला आता मदत लागणार, हे बहुतेक घरांत आधी न्हाणीघरात कळतं. आंघोळीला वेळ लागायला लागतो, मग ती एक दिवसाआड होते, मग "आज नको, अंग कसकसतंय" म्हणून टळते. यात काही योगायोग नाही. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर १९६३ साली रोजच्या स्वावलंबनाची एक मोजपट्टी मांडली. तिच्यात कामं सहाच: आंघोळ, कपडे, शौचालयाचा वापर, पलंग-खुर्चीवरून उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. ही कामं माणसाच्या हातून साधारण याच क्रमाने सुटत जातात असं त्यांना दिसलं. आंघोळ सगळ्यांत आधी, जेवण सगळ्यांत शेवटी. आंघोळीला तोल, वाकणं, हात पाठीमागे नेणं आणि ओल्या फरशीवर उभं राहणं हे सगळं एकदम लागतं, म्हणून तिचा नंबर पहिला.

म्हणजे आंघोळ अडली तरी पाच कामं अजून त्या माणसाच्या हातात असतात. नवखे घरचे लोक नेमके इथे घाई करतात. आंघोळीला मदत सुरू झाली की शर्टाची बटणंही आपणच लावतो, घासही आपणच भरवतो. हेतू चांगला असतो, वेळही वाचतो. पण म्हातारपणी जे काम करणं थांबतं त्याची ताकद लवकर जाते, आणि ती परत मिळवणं फार जड जातं. म्हणून या लेखातलं प्रत्येक काम करताना एकच प्रश्न मनात ठेवा: यातली कुठली पायरी त्यांना जमत नाही? तेवढ्या पायरीपुरताच हात लावायचा.

आधी दोन-तीन दिवस नुसतं बघा

मदतनीस शोधण्याआधी, सामान आणण्याआधी, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा त्यांचा दिवस नीट पाहा आणि लिहून काढा. "कपडे घालता येत नाहीत" एवढं लिहून भागत नाही. कपडे काढून ठेवता येतात का? बाहीत हात जातो का? बटण लागतं का? बऱ्याचदा अडचण फक्त बटणांची निघते, आणि पुढून चिकटपट्टीने (वेल्क्रोने) बंद होणारा शर्ट आणला की विषय संपतो.

वरच्या सहा कामांखेरीज आणखी काही कामं असतात: औषधं वेळेवर घेणं, फोन करणं, स्वयंपाक, खरेदी, पैशांचे व्यवहार, कपडे धुणं, घर आवरणं, प्रवास. लॉटन आणि ब्रॉडी या अमेरिकी संशोधकांनी १९६९ साली अशा आठ कामांची वेगळी यादी केली. माणूस नीट हिंडत-फिरत असतो, पण बिलं भरायची राहतात, औषधाच्या गोळ्या उरतात किंवा लवकर संपतात. विस्मरणाची सुरुवात अशी या दुसऱ्या यादीत आधी दिसू शकते, म्हणून तीही तपासा.

मग त्यांच्याशी बोला. हे बोलणं चार जणांनी घेरून करू नका. ज्याचं ते ऐकतात अशा एकानेच, निवांत वेळी. "तुम्हाला आता जमत नाही" असं सुरू केलंत तर दार बंद झालंच म्हणून समजा. "सकाळी कुठल्या कामात जास्त दम लागतो?" हे विचारलं की माणूस स्वतःच सांगायला लागतो. कुणाच्या हातून आंघोळ करून घ्यायला चालेल, बाईकडून की पुरुषाकडून, कुठली वेळ सोयीची, हे त्यांनीच ठरवायचं. शरीर त्यांचं आहे.

माणसाआधी घर

हे पटापट उरकण्यासारखं आहे आणि लगेच उपयोगी पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पासष्टीपुढच्या दर शंभरांतले २८ ते ३५ जण वर्षातून एकदा तरी पडतात. मोकळी सतरंजी, पायात येणाऱ्या वायरी आणि सैल चपला बाजूला करा. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा राहू द्या. कमोडजवळ आणि शॉवरजवळ भिंतीत पक्के रोवलेले आधाराचे दांडे बसवा. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. माणसाचा भार आला की तो भिंतीतून निघून येतो. पलंगाची उंची अशी असावी की कडेवर बसल्यावर पावलं पूर्ण जमिनीला टेकतील आणि गुडघे साधारण काटकोनात राहतील. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता आली पाहिजे.

गिझरचं तापमान ४९ अंश सेल्सियसच्या वर ठेवू नका. पाणी ६० अंशांचं असेल तर गंभीर भाजायला जेमतेम पाच सेकंद लागतात, आणि म्हातारी त्वचा पातळ असते, मधुमेहात तर चटका जाणवतही नाही.

आंघोळ

सगळ्यांत जास्त कुरबुर याच कामावरून होते, म्हणून जरा सविस्तर. मुळात रोज डोक्यावरून आंघोळ झालीच पाहिजे असा आग्रह सोडा. साबणाने आणि गरम पाण्याने वयस्कर त्वचा कोरडी पडते, खाजते. आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण आंघोळ आणि बाकीच्या दिवशी तोंड, काखा, जांघा आणि पावलं नीट पुसून घेणं, एवढं बहुतेकांना पुरतं.

सगळं सामान आधी हाताशी घ्या: टॉवेल दोन, स्वच्छ कपडे घालायच्या क्रमाने रचलेले, सौम्य साबण, मॉइश्चरायझर. साबण आणायला म्हणून ओल्या माणसाला एकटं सोडून जायची वेळ येता कामा नये. न्हाणीघर आधी उबदार करा, वाऱ्याची खिडकी लावून घ्या. न घसरणारी चटई आणि पाठ टेकता येईल अशी आंघोळीची खुर्ची ठेवा. पाणी ३७-३८ अंशांचं असावं. थर्मामीटर नसेल तर बोटांनी पाहू नका, मनगटाच्या आतल्या बाजूने किंवा कोपराने पाहा. मग ते त्यांना हाताला लावून बघू द्या.

पाणी पायांपासून सुरू करा आणि हळूहळू वर या. एकदम डोक्यावर धार आली की कुणीही दचकतं. तोंड, छाती, पोट, जांघा हे भाग ओला रुमाल हातात देऊन त्यांनाच धुवू द्या. पाठ, पावलं आणि केस तुम्ही घ्या. मांडीवर आणि खांद्यावर एकेक टॉवेल राहू द्या, आणि जो भाग धुवायचा तेवढाच उघडा करा. आपल्या मुलासमोर किंवा सुनेसमोर उघडं बसायची लाज वयानुसार कमी होत नाही. या एका टॉवेलने निम्मा विरोध मावळतो असा माझा अनुभव आहे. गुप्तांग धुताना दिशा नेहमी पुढून मागे. बायकांमध्ये उलटं पुसल्याने लघवीच्या मार्गात जंतू जातात.

पुसताना चोळू नका, टॉवेल दाबून टिपा. काखा, छातीखालच्या घड्या, जांघा आणि पायाच्या बोटांमधल्या फटी कोरड्या झाल्याच पाहिजेत. क्रीम सगळीकडे लावा, फक्त बोटांच्या फटींमध्ये नको, तिथे ओल राहून बुरशी धरते. आणि या निमित्ताने सगळी त्वचा डोळ्यांखालून घाला. मधुमेह असेल तर तळवे, टाचा आणि बोटांच्या फटी रोज पाहायच्या, आंघोळ असो वा नसो.

कपड्यांचा एकच नियम लक्षात ठेवा. एक बाजू दुबळी असेल तर घालताना दुबळा हात आधी, काढताना धडधाकट हात आधी. एवढं पाळलं की ओढाताण होत नाही.

उठवणं आणि बसवणं

मदत करणाऱ्यांच्या कमरा इथे जातात आणि वृद्धांचे खांदे इथे दुखावतात. काखेत हात घालून वर ओढणं ही सगळ्यांत सार्वत्रिक आणि सगळ्यांत वाईट पद्धत आहे. पक्षाघातानंतरचा सैल पडलेला खांदा तर तशाने सांध्यातून निखळू शकतो.

पलंगावरून खुर्चीत न्यायचं असेल तर खुर्ची त्यांच्या बळकट बाजूला, पलंगाला लागून तिरकी ठेवा. व्हीलचेअर असेल तर दोन्ही ब्रेक लावा आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. आता त्यांना कुशीवर वळू द्या, पाय पलंगाखाली सोडू द्या आणि हाताने रेटा देऊन उठून बसू द्या. मग थांबा. मिनिट-दोन मिनिटं तसंच बसू द्या, पावलं वरखाली हलवायला सांगा. झोपल्याचं एकदम उभं राहिलं की अनेकांचा रक्तदाब उतरतो. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरत असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, कारण त्यामागे पुष्कळदा औषधं असतात.

चक्कर नाही ना, विचारा. आता त्यांना कडेला सरकून पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घेऊ द्या. तुम्ही समोर, पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ सरळ. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधलेला असेल तर तो धरा. "एक, दोन, तीन" म्हणून एकत्र हला. त्यांनी नाक पावलांच्या पुढे जाईल इतकं पुढे झुकायचं. वजन पुढे आलं की ढुंगण आपोआप उचललं जातं, ओढावं लागत नाही. त्यांचे हात तुमच्या गळ्यात नकोत, पलंगावर किंवा खुर्चीच्या हातावर हवेत. उभे राहिले की छोट्या छोट्या पावलांनी वळू द्या. खुर्ची दोन्ही पायांना मागून लागली की मगच बसायचं.

एवढं करूनही पूर्ण वजन तुमच्यावर येत असेल तर हे एकट्याचं काम राहिलेलं नाही. दुसरा माणूस किंवा उचलायचं यंत्र लागेल. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून तुमच्या पलंगावर, तुमच्या खुर्चीवर हे शिकून घ्या.

आणि पडलेच तर? लगेच उचलू नका. कुठे दुखतंय, डोकं आपटलंय का, पाय वाकडा किंवा आखूड दिसतोय का, हे आधी पाहा. यातलं काही असेल तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात न्यायचं.

संडास-लघवी

लघवी कपड्यात झाली की सरळ डायपर, हा शॉर्टकट शेवटी ठेवा. पुष्कळांचा ताबा शाबूत असतो, फक्त वेळेत पोचता येत नाही. दर दोन-तीन तासांनी आणि जेवणानंतर, झोपण्याआधी आठवणीने नेणं, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची किंवा पुरुषांसाठी लघवीचं भांडं ठेवणं, नाडीऐवजी इलॅस्टिकची पँट, एवढ्यावर खूप फरक पडतो. ओलं होईल म्हणून पाणी तोडू नका. वयानुसार तहान कमी लागते, त्यात आपणच पाणी कमी केलं की बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग आणि गळाठा ठरलेला. कालपर्यंत ताबा होता आणि आज अचानक गेला, तर ते वय नाही, आजार आहे, दाखवून घ्या. डायपर वापरायचाच झाला तर ओला झाला की लगेच बदला, त्वचा धुऊन कोरडी करा. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर तिची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकलेली.

खाणं आणि तोंड

भरवायचंच असेल तर माणूस ताठ बसलेला हवा, आणि तुम्ही समोर बसलेले. उभं राहून भरवलं की ते मान वर करतात आणि घास श्वासनलिकेकडे जातो. लहान घास, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही, टीव्ही बंद. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. खाताना ठसका लागणं, जेवल्यावर आवाज ओला, घरघरणारा येणं, घास गालात साठून राहणं ही गिळण्याच्या त्रासाची लक्षणं आहेत. अशा वेळी स्वतः प्रयोग करत बसू नका. गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टला दाखवा.

तोंडाची स्वच्छता घरोघरी राहून जाते. दात असोत वा नसोत, दोनदा तोंड साफ व्हायला हवं, कारण तोंडातले जंतू फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होतो. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून, साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते.

अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ

बेडसोअर, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम, बरा करायला महिने लागतात आणि टाळायला रोजची थोडी मिनिटं. ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही त्यांची कूस सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी बदला आणि वेळ लिहून ठेवा. माकडहाड, नितंब, टाचा, घोटे, कोपरं, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू रोज पाहा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर तो फिका झाला नाही तर जखमेची ती पहिली अवस्था आहे, त्वचा फाटलेली नसली तरी. त्या जागेवर भार येऊ देऊ नका आणि तिथे मालिश तर अजिबात नको, आतल्या नाजूक पेशी त्याने आणखी दुखावतात. भोक असलेली गोल गादी दुकानात हमखास पुढे केली जाते. तीही नको, कडेचा दाब उलट रक्तपुरवठा तोडतो.

कुशीवर झोपवताना पूर्ण आडवं नको, पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांचा कल ठेवा. पोटऱ्यांखाली उशी दिली की टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना ओढू नका, खालच्या चादरीसकट दोघांनी उचला. पलंगाचं डोकं जेवणाव्यतिरिक्त ३० अंशांपेक्षा वर ठेवलं की शरीर खाली घसरतं आणि त्वचा खेचली जाते. अर्थात गिळण्याचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डोकं किती वर हवं ते डॉक्टरांनाच विचारा.

विसरभोळेपणा असेल तर

डिमेन्शियात वाद घालून कुणी जिंकत नाही. "आत्ताच तर जेवलात" हे दहाव्यांदा सांगण्यापेक्षा काहीतरी हातात द्या आणि विषय बदला. सूचना एका वेळी एकच: "उठा", मग "इकडे वळा". आंघोळीला नाही म्हणाले तर अर्ध्या तासाने, वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारा. संध्याकाळी अस्वस्थता वाढते अशांची आंघोळ सकाळी उरका.

मात्र तासा-दोन तासांत किंवा दिवसभरात अचानक आलेला गोंधळ, बडबड किंवा गुंगी हा डिमेन्शिया नव्हे. त्यामागे संसर्ग, पाणी कमी पडणं, नवं औषध असं काहीतरी असतं, आणि त्याच दिवशी डॉक्टर लागतात. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यात तर मिनिटंही घालवायची नाहीत. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ लिहा, कारण पक्षाघाताचे उपचार त्या वेळेवरून ठरतात.

बाहेरचा मदतनीस ठेवताना

केअरटेकर आणि नर्स यांत फरक आहे. आंघोळ, कपडे, उठबस, भरवणं, सोबत, औषधाची आठवण हे केअरटेकरचं काम. इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग, नळीतून अन्न, कॅथेटर बदलणं यासाठी प्रशिक्षित परिचारिका लागते. पैसे वाचवायला केअरटेकरकडून हे करून घेणं धोक्याचं, आणि तिच्यावर अन्यायाचंही. तसंच, ती तुमच्या सगळ्या घराची मोलकरीण नाही. कामाचे तास, जेवण, विश्रांती, साप्ताहिक सुट्टी, आणि रात्री किती वेळा उठावं लागेल, हे पहिल्याच दिवशी कागदावर आणा.

मुलाखतीत "अनुभव किती?" यापेक्षा प्रसंग विचारा. "बाबा आंघोळीला नाही म्हणाले तर काय कराल?" उत्तरात "समजावून करायलाच लावीन" आलं तर मी पुढे जाणार नाही. ओळखपत्र तपासा, आधीच्या दोन घरांशी फोनवर बोला. पहिले काही दिवस घरातलं कुणीतरी बरोबर राहा आणि पाहा: ती त्यांच्याशी बोलते, की त्यांच्या डोक्यावरून तुमच्याशी?

एक वही ठेवा. खाणं-पाणी, लघवी-शौच, औषध, झोप, त्वचा, मूड, पडझड, प्रत्येक पाळीला चार ओळी. औषधांची यादी, डोस, ॲलर्जी आणि आणीबाणीचे फोन पहिल्या पानावर. डॉक्टरांकडे जाताना ही वहीच बरोबर न्या.

दागिने, कार्डं, पासवर्ड मदतनीसाच्या हाती नकोत. संशय म्हणून नव्हे, उद्या काही हरवलं तर कुणावरही बोट जाऊ नये म्हणून. आणि डोळे उघडे ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या साधारण सहांतल्या एकाला वर्षभरात कुठल्या तरी प्रकारचा छळ सोसावा लागतो, आणि तो करणारे घरचेही असतात. कारण न सांगता येणारे काळे-निळे डाग, कुणी आलं की गप्प होणं, अचानक घटलेलं वजन दिसलं तर एकट्यात, शांतपणे विचारा.

सांभाळणाऱ्याचं काय

कामं वाटताना "आपण सगळे मिळून बघू" हे वाक्य घातक आहे, कारण त्याचा अर्थ शेवटी एकच बाई बघते असा होतो. नाव आणि वार घालून वाटा. लांब राहणाऱ्या भावंडाला उठबस जमणार नाही, पण औषधं मागवणं, बिलं, डॉक्टरांच्या वेळा आणि सुट्टीतल्या मदतनीसाचा खर्च तो नक्की उचलू शकतो.

सांभाळणाऱ्याला आठवड्यातून ठराविक अर्धा दिवस पूर्ण मोकळा हवा, आणि तो थकल्यावर नव्हे तर पहिल्याच आठवड्यापासून. झोप उडणं, सारखी चिडचिड, आवाज चढणं, स्वतःची दुखणी अंगावर काढणं ही चिन्हं दिसली तर मदतीचे तास वाढवा. त्या अर्ध्या दिवसासाठी पर्यायी माणूस आधीच ठरवून ठेवा, आणि त्याला एकदा पूर्ण आंघोळ आणि एकदा खुर्चीत बसवणं तुमच्यादेखत करू द्या.